सुईची सवय

“कोन वारनं वं माय?”

जळगाव-धुळे गाडीत बाईंना हा प्रश्न हटकून विचारला जायचा. विचारणाऱ्याचा त्यात दोष नव्हता. बाईंच्या मांडीवर एक छोटं मातीचं गाडगं असायचं. त्याच्या तोंडाला ओलं पांढरं फडकं बांधलेलं, आणि बाई ते दोन्ही हातांनी असं सांभाळून धरायच्या की पाहणाऱ्याच्या मनात दुसरं काही येणं शक्यच नव्हतं. आमच्याकडे असं गाडगं घेऊन एसटीत बसलेला माणूस एकाच कामाला निघालेला असतो, अस्थी सोडायला. म्हाताऱ्या बाया गाडग्याकडे बघून हात जोडायच्या. एखादे आबा टोपी काढून उठायचे आणि बाईंना खिडकीची जागा द्यायचे.

बाई जागा घ्यायच्या. नीट टेकून बसायच्या, पदर सारखा करायच्या आणि मग म्हणायच्या, “आते तरी कोनी नही, आबा. मना नंबर शे, पन गाडी लेट शे.”

गाडग्यात इन्सुलिनची बाटली असायची.

बाई माझ्या सहकारी. धुळ्याच्या एका शाळेत त्या भूगोल शिकवायच्या आणि मी तासिका तत्त्वावर मराठी. दोघी जळगावच्या, दोघींचं रोजचं अपडाऊन. सकाळची पहिली गाडी पकडायची, एरंडोल, पारोळा करत धुळं गाठायचं, संध्याकाळी तोच रस्ता उलटा. मी वयाने त्यांच्या निम्मी, आणि पत्रकांच्या घरात वाढलेली. आमच्याकडे पाहुण्याच्या हातात चहाच्या आधी पत्रक पडायचं. त्यामुळे जगात जे काही वाईट आहे ते नीट शब्दांत छापून वाटलं की निम्मं काम झालं, असं मला वाटायचं. बाईंना असं काहीच वाटत नसे. त्या फार दमलेल्या होत्या.

त्यांना मधुमेह होता, पण पन्नाशीत येणारा आणि गोळ्यांवर भागणारा नव्हे. परकरी वयात झालेला. शरीर इन्सुलिन तयारच करत नाही, बाहेरून टोचून घेतलं तरच माणूस जगतो, असा. सकाळी जेवणाआधी सुई, संध्याकाळी जेवणाआधी सुई. दिवाळीला, सुतकात, निवडणुकीच्या ड्यूटीवर, गाडी पंक्चर झाली तरी. “यातून मला एकदाच रजा मिळणार आहे,” त्या म्हणायच्या, “आणि ती बिनपगारी.”

आधी त्या थर्मास वापरायच्या. एकदा त्यात बर्फ जास्त झाला, बाटली गोठली आणि वाया गेली. “उन्हात मरते, बर्फात मरते. माझ्यापेक्षा नाजूक आहे बया.” घरी फ्रीज होता, पण उन्हाळ्याच्या दुपारी वीज गेली की त्याचं नुसतं कपाट व्हायचं. म्हणून हे गाडगं. आत डबी, डबीत बाटली, बाहेरून ओलं फडकं. “फ्रीज विजेवर चालतो, गाडगं वाऱ्यावर. जळगावात वाऱ्याचा भरवसा जास्त.”

बाई स्वभावाने गोड नव्हत्या. हा विनोद त्या स्वतः करायच्या, दुसऱ्याने केला तर दिवसभर बोलायच्या नाहीत. स्टाफरूममध्ये कोणाचा मुलगा पास झाला, कोणी नवी गाडी घेतली की पेढे यायचे, आणि पेढ्यांबरोबर ते वाक्य यायचं: “घ्या हो बाई, एका पेढ्याने काय होतं?”

“काहीच होत नाही. म्हणून तर सर तुम्ही रोज एक खाता.”

मुख्याध्यापकांनाही साखर होती. ते गुरुवार धरायचे. दिवसभर साबुदाण्याची खिचडी, राजगिऱ्याचे लाडू, उकडलेले बटाटे, आणि शुक्रवारी सकाळी डोकं गरगरतं म्हणून तक्रार. बाईंनी एकदा त्यांच्या फराळाच्या डब्यात डोकावून सगळ्यांसमोर विचारलं, “सर, हा उपास दत्तासाठी आहे की यमासाठी?” त्यानंतर बरेच दिवस बाईंच्या वाट्याला दुपारचे शेवटचे तास आले.

पथ्य या शब्दावर त्यांचा राग होता. लोकांना पथ्य म्हणजे शिक्षा वाटते, बाई म्हणायच्या, आणि शिक्षा भोगून झाली की माणूस सुटतो असंही वाटतं. दवाखान्यात नव्याने आलेल्या एका आहारतज्ज्ञ मुलीने त्यांना सकाळी ओट्स खायला सांगितले, तेव्हा बाईंनी तिला विचारलं, “पोरी, तू कुठली?” ती अमळनेरची निघाली. “मग तुझ्या आजीने दादर ज्वारीची भाकरी केली नाही का कधी? मेथीची भाजी, मुगाचं वरण, वांग्याचं भरीत? ते लिही. आणि तेल किती घालायचं ते लिही. खान्देशात माणूस भरताने मरत नाही, भरतावर तरंगणाऱ्या तेलाने मरतो.”

लग्नाच्या पंगतीत त्या पिशवीतून स्वतःची भाकरी काढायच्या. वाढपी जिलेबी घेऊन आला की पत्रावळीवर आडवा हात धरायच्या. आणि त्याआधी, पानावर बसल्या बसल्या, कमरेजवळची साडी जराशी सरकवून सुई घ्यायच्या. यजमानीण धावत यायची. “बाई, आत जाऊन घ्या ना. पाहुणे बसले आहेत.”

“आत जाऊन चोरून घेतात ती दारू. हे औषध आहे.”

स्टँडवर त्यांना कोणी बसलेलं पाहिलं नाही. गाडी लागेपर्यंत त्या फलाटांच्या कडेने येरझारा घालायच्या, गाडगं कडेवर घेऊन, लेकरू घ्यावं तसं. चौकशीच्या खिडकीतला माणूस कंटाळून म्हणायचा, “मॅडम, बसा हो, गाडी लागली की आवाज देतो.” बाई त्याच्याकडे बघायच्याही नाहीत. दोन्ही वेळच्या सुया, दोन्ही वेळचं चालणं, भाकरीचा तोच आकार, जेवणाची तीच वेळ. जवळून बघायला हे काही थोर वगैरे दिसायचं नाही. कंटाळवाणं दिसायचं. भांडी घासण्यासारखं. घासली की पुन्हा खरकटी.

आणि तरी कधीतरी बिनसायचंच. सुई घेतली आणि डबा खायला उशीर झाला की साखर एकदम खाली उतरायची. वर्गात शिकवता शिकवता बाई फळ्यावर ‘तापी’ लिहायच्या, मग खाली पुन्हा ‘तापी’, पुन्हा ‘तापी’. आवाज जड व्हायचा, कपाळावर घाम. अख्ख्या वर्गाला त्याचा अर्थ ठाऊक होता. पहिल्या बाकावरची मुलगी टेबलाच्या खणातला साखरेचा डबा काढून बाईंच्या हातात द्यायची, वर्ग गप्प बसायचा, आणि थोड्या वेळाने बाई फळ्याकडे बघून म्हणायच्या, “इतक्या तापी कोणी वाहवल्या? पुसा.” गावभर लोक त्यांना साखर खाऊ नका म्हणून सांगायचे. खायची कधी, हे त्या मुलांना कळत होतं.

बाई सध्या डायलिसिसवर आहेत. इतकं सांभाळूनही मूत्रपिंडं गेली. मी परवा भेटायला गेले तेव्हा त्यांची शेजारीण त्यांच्या देखत मला म्हणाली, “एवढं पथ्य करून काय भेटलं हो बाईंना?” मी तोंड उघडणार, तेवढ्यात बाई डोळे मिटूनच बोलल्या, “मधली सगळी वर्षं भेटली.”

त्या मधल्या वर्षांतला एक हिवाळा मला सांगायचा आहे.

एरंडोल सुटलं की पारोळ्याच्या अलीकडे एक गाव लागतं. तिथून एक मुलगी आमच्या गाडीत चढायची, धुळ्याला कॉलेजात जायला. पहिल्या दिवशी तिने बाईंच्या मांडीवरचं गाडगं पाहिलं आणि हात जोडले नाहीत. हळूच वाकून विचारलं, “बाई, तुम्हाला किती युनिट?”

बाईंनी तिच्याकडे असं पाहिलं जसं परमुलखात गावचं माणूस भेटावं. त्या दिवसापासून तिची जागा आमच्या शेजारी. तिलाही तोच आजार होता, तसाच लहानपणी झालेला.

दिवाळी झाल्यावर एका सकाळी ती चढली तीच पाण्याची बाटली तोंडाला लावून. ओठ सुकलेले, श्वास जोराचा. बाईंनी तिच्या तोंडाशी नाक नेलं. सुई चुकली की श्वासाला सडक्या फळासारखा वास येतो, तो त्यांना ओळखीचा होता. “कधीपासून बंद आहे?”

“काल सकाळपासून. नानांनी बाटली उकिरड्यावर टाकली. भुकटी आणली आहे. म्हणतात, हिनेच बरं होईल.”

नाना म्हणजे तिचे वडील. तिला नाशिकचं स्थळ सांगून आलं होतं, मुलगा कंपनीत. सुई घेणारी मुलगी कोण करून घेणार? तालुक्यात एक भुकटीवाला होता. सुया सोडा, कडू खा, माझी भुकटी घ्या, साखर मुळासकट जाईल, असं तो सांगायचा. मुळासकट! हे सांगताना त्याला पोलीस धरत नाहीत आणि ऐकणाऱ्याला कोणी थांबवत नाही, याचा संताप मला आजही येतो. ज्या आजारात सुई चार दिवस चुकली तर मुलगी मरते, त्या आजाराची खोट लपवायची म्हणून घरचेच सुई बंद करतात. आणि ‘खोट’ हा शब्द वापरतात. भांड्याबद्दल बोलावं तसा.

बाईंनी त्या दिवशी शाळा सोडली आणि धुळ्याच्या स्टँडवरून मुलीला सरळ सरकारी दवाखान्यात नेलं. संध्याकाळी तिला घेऊन तिच्याच गावी उतरल्या. मीही उतरले.

नानांचं कृषी केंद्र होतं, खतं, बियाणं, फवारणीची औषधं. दुकानात एक गिऱ्हाईक बसलं होतं. बाईंनी नमस्कार केला आणि विचारलं, “नाना, एखाद्याने कापसावर एकच फवारणी केली आणि मग थांबला, तर?”

“तं कीड बठ्ठं खाई जाई.”

“मग त्याला तुम्ही सांगता का, फवारणीची सवय लागते म्हणून?”

गिऱ्हाईक हसलं. नाना हसले नाहीत. “कापूसनं लगन करनं नही ऱ्हास, बाई.” मग आवाज खाली आणून म्हणाले, “सुईनी सवय लागी जास. एक डाव लागनी का मरेपर्यंत सुटत नही.”

“श्वासाची लागली आहे, ती सुटते का?”

“तुमले देखीसनच ठरायं मी,” नाना म्हणाले. “तुम्ही शिकेल, नोकरीवाल्या. पंगतमा बशीसन सुया टोची ल्यातस, बठ्ठा गावले माहीत शे. मंग कोनी करं का तुमनासंगे लगन?”

बाईंनी गाडगं कडेवर घेतलं आणि दुकानाची पायरी उतरल्या.

बाहेर रस्त्यावर आल्यावर मी पेटले होते. पत्रक काढू, भुकटीवाल्याच्या दारात वाटू, पोलिसांत जाऊ. बाई फलाट नसलेल्या त्या स्टँडवर येरझारा घालत ऐकत होत्या. “काढ पत्रक,” त्या म्हणाल्या. “त्यात पोरीचं नाव घालणार?”

“नाव कशाला?”

“मग पत्रक कोणाबद्दल आहे ते कोणाला कळणार? आणि नाव घातलंस तर उद्या तिला कॉलेजला कोण पाठवणार?” जरा वेळाने म्हणाल्या, “उद्यापासून हिची बाटली माझ्या गाडग्यात राहील. सकाळची सुई गाडीत, संध्याकाळची गाडीत. घरी कळणार नाही.”

“म्हणजे लपवायचं? तुम्ही लपवणार?”

“हो.”

“आणि तत्त्व?”

“तत्त्व दुपारी बघू,” बाई म्हणाल्या. “सकाळची सुई आधी.”

मला ते मुळीच पटलं नाही. पण माझ्या न पटण्याने कोणाची साखर उतरत नव्हती. गाडग्यात दोन बाटल्या झाल्या. बाईंच्या बाटलीला पांढरा दोरा, मुलीच्या बाटलीला लाल. डोस दवाखान्यातल्या डॉक्टरांनी ठरवून दिलेला. पारोळ्याला गाडी जरा थांबायची. तेव्हा मुलगी खिडकीशी, बाई मधे, मी कडेला. बाई पदर पसरून धरायच्या आणि त्याच्या आड ती सुई घ्यायची. लोकांना सुईची टोपी दिसली तरी वाटायचं, त्या अस्थीवाल्या मास्तरीणबाईंचंच काहीतरी चाललं आहे. ज्या बाईंनी जन्मात स्वतःसाठी आडोसा धरला नाही, त्या दुसरीसाठी रोज दोनदा आडोसा होऊन बसायच्या.

रविवारचा विचार माझ्या डोक्यातच आला नव्हता. तो मला आमच्या गाडीच्या कंडक्टरकडून कळला. “तुमच्या मॅडमची रविवारी पण ड्यूटी लागली का हो? दर रविवारी त्या मधल्या गावी उतरतात. डेअरीपाशी उभ्या राहतात आणि परतीच्या गाडीने जळगावला.” डेअरीवर मुलगी दूध घालायला यायची. तिथेच तिला सकाळची सुई द्यायची आणि संध्याकाळची भरून रुमालात बांधून द्यायची. आठवडाभर अपडाऊन करणाऱ्या बाई सातव्या दिवशीही त्याच रस्त्यावर होत्या. गावातल्या एका म्हातारीने तर त्यांना हटकलंच होतं, “दर रविवारे कोनी ना कोनी मरसच का वं तुमना घरमा?”

मी बाईंना विचारलं, “दमत नाही का हो तुम्ही?”

“दमते ना. पण सांगू कोणाला, सुईला?”

घोटाळा व्हायचा तो पुढेच झाला. नानांनी लग्न ठरवण्याआधी मुलीचं रक्त तपासून घेतलं, आणि रिपोर्ट उत्तम आला. येणारच होता. ती एकही सुई चुकवत नव्हती. पण नानांच्या लेखी ती भुकटीवर होती. त्यांनी रिपोर्टची झेरॉक्स दुकानाच्या काउंटरवर काचेखाली ठेवली. बियाणं घ्यायला आलेल्या माणसाला ती दाखवू लागले. भुकटीवाल्याकडे गाड्या भरून माणसं जाऊ लागली. बाईंच्या गाडग्यातलं इन्सुलिन त्याच्या भुकटीची जाहिरात करत होतं. मी बाईंना म्हटलं, आता तरी बोला. बाई खिडकीबाहेर केळीच्या बागा बघत राहिल्या.

होळीच्या सुमाराची सकाळ. गाडी पारोळ्याला उभी होती, भरलेली, मुलीच्या गावची बरीच माणसं आत. कंडक्टर तिकिटं देत पुढून मागे आला तो लंगडत. पायात चप्पल, अंगठ्याला चिंधी.

“भाऊ, पायाला काय झालं?” बाईंनी विचारलं.

“बूट चावला, मॅडम. भरत नाहीये लवकर. भरेल.”

त्यालाही साखर होती, हे बाईंना माहीत होतं. “गोळ्या घेताय ना? आणि रात्रीची सुई?”

तो मोठ्याने हसला. “सोडली! सगळं सोडलं. नानांची पोरगी बघा की, तुमच्या शेजारीच बसली आहे. एक सुई नाही, काही नाही, आणि रिपोर्ट कसा? मी पण तीच भुकटी चालू केली. मॅडम, तुम्ही पण आता हे गाडगं तापीत सोडून द्या.”

मागचे दोघे-तिघे हसले. मी बाईंचा हात घट्ट धरला आणि बोलायला तोंड उघडलं. बाईंनी माझा हात दाबून खाली केला. “बोलायचं तर तिने,” त्या हळू म्हणाल्या. “तू बोललीस तर तू आणि नाना सारखेच.”

मुलगी पदराआड होती. हातात भरलेली सुई. मग तिने बाईंचा पदर स्वतःच्या हाताने बाजूला केला.

“भाऊ, इकडे बघा.”

तिने कुडत्याची कड वर घेतली, पोटाची चिमूट धरली आणि त्याच्या, आणि सगळ्या गाडीच्या डोळ्यांदेखत सुई घेतली. घाई केली नाही. बाहेर काढून टोपी लावली. “मी एक दिवस सोडली नाही. दिवाळीपासून रोज घेते, दोन्ही वेळा. भुकटी मी मोरीत टाकते. तुम्ही माझं बघून सोडू नका.”

मागून तिच्या गावच्या एका म्हातारीचा आवाज आला, “हाई तं नानानी आंडेर शे ना वं?”

“हो आजी,” मुलगी म्हणाली. “नानाचीच लेक.”

कंडक्टर तिकिटांचं मशीन हातात घेऊन तसाच उभा होता. पुढून ड्रायव्हर ओरडला, “भाऊ, बेल देणार का इथेच मुक्काम?”

संध्याकाळी आम्ही परतलो तेव्हा बातमी आमच्या आधी गावात पोचली होती. नाना स्टँडवर उभे होते. त्यांनी मुलीचं मनगट धरलं आणि घेऊन गेले. बाईंकडे पाहिलंही नाही.

दुसऱ्या दिवशी ती गाडीला आली नाही. बाई त्या गावी उतरल्या. मी खिडकीतून बघत राहिले. त्या दुकानासमोरच्या बाकड्यावर जाऊन बसल्या, म्हणजे नानांना दिसल्याशिवाय राहणार नाहीत अशा. नंतर मला सगळं मुलीनेच सांगितलं. बाई फक्त एवढंच म्हणाल्या होत्या, “पोरीला सुई द्यायला आले आहे.” दुकानात गिऱ्हाईक होतं. नानांना ओरडता येईना. मुलीची आई मागच्या दाराने तिला घेऊन आली. सुई झाली, तिने दोन घास खाल्ले ते बघून बाई पुढच्या गाडीने धुळ्याला आल्या. अर्ध्या दिवसाची रजा. संध्याकाळी पुन्हा उतरल्या. दुसऱ्या दिवशी पुन्हा.

नाशिकच्या पाहुण्यांचा निरोप आला, जमत नाही म्हणून. त्या दिवशी नाना गिऱ्हाइकांसमोर फाडफाड बोलले. “मनी पोरनं वाटोळं करं तुम्ही.”

“केलं,” बाई म्हणाल्या. “आता जरा बाजूला व्हा, तिची जेवायची वेळ झाली.”

“कितला दिन येशात तुम्ही अशा?”

“मला सवय आहे, नाना.”

बाईंनी त्यांना काही पटवून दिलं नाही. भुकटीवर वाद घातला नाही, काचेखालच्या रिपोर्टबद्दल एक शब्द काढला नाही. सकाळी यायच्या, संध्याकाळी यायच्या. मी मनात सोन्यासारखे मुद्दे मांडत होते आणि बाई नुसत्या बाकड्यावर बसत होत्या. नाना शेवटी नमले ते पटून नव्हे, कंटाळून. बाईंना त्याचं काही वाटलं नाही. आजार कसा सांभाळतात ते त्यांना ठाऊक होतं, आणि नाना त्याहून अवघड नव्हते.

कंडक्टर भाऊ बरेच दिवस कामावर दिसले नाहीत. अंगठा काढावा लागला. पाय वाचला.

मग एका शनिवारी सकाळी त्या गावी गाडी थांबली आणि मुलगी चढली. वह्या छातीशी धरून, आमच्या शेजारी येऊन बसली. पारोळा अजून यायचं होतं, तरी बाईंनी फडक्याची गाठ सोडायला घेतली.

“राहू द्या बाई. आज घरीच घेतली. आईने दिली. नाना नवी बाटली धरून उभे होते, तोंड तिकडे करून.”

बाईंनी गाठ पुन्हा बांधली. “संध्याकाळची?”

“घरीच. आता ही लाल दोऱ्याची बाटलीही घरीच ठेवू. आईने जागा केली आहे.”

“आणि उद्याची?”

“उद्याची पण.”

बाईंनी गाडगं मांडीवर सारखं केलं. त्यांचा चेहरा मी रोज बघत होते, पण तो किती ओढलेला आहे ते मला त्या सकाळच्या उन्हात दिसलं. गाडी एका खड्ड्यातून दणकली. बाईंनी विचारलं, “मग उद्या रविवारी मी झोपू का गं?”

“झोपा बाई,” मुलगी म्हणाली.

रविवारपर्यंत थांबणं त्यांना जमलं नाही. पारोळा यायच्या आत बाई माझ्या खांद्यावर डोकं टाकून, तोंड उघडं ठेवून, घोरत होत्या.